रंग आणि रंगाची कुपी

एखादे रंगीत खेळणे हाती आले म्हणजे पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम त्याच्या आकाराकडे जाते, मग रंगाकडे. आणि एखाद्या चौकस माणसाच्या मनात तो रंग कशापासून केला असेल, हा प्रश्नही येऊन जातो. परंतु कारागिराने तो रंग कशात ठेवला होता, हा विचार सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. रंगाचे भांडे ही वस्तूच मुळी क्षुल्लक. काम संपले की ते कोपऱ्यात जाते, फुटले की उकिरड्यावर जाते. तथापि थोडे खोलात जाऊन पाहिले तर असे आढळते की, लहान वस्तूंवर बारीक रंगकाम करणाऱ्या माणसाचे स्वातंत्र्य बऱ्याच अंशी या भांड्यावर अवलंबून राहिले आहे. हवा तेवढाच रंग घेता आला आणि उरलेला उद्यापर्यंत टिकवता आला, तर त्याचा धंदा चालतो. वाटीभर रंगासाठी डबाभर रंग वाया जाऊ लागला, तर त्याच्या हातचे कसब कितीही मोठे असो, मिळकत रंगाबरोबर वाळून जाते. हे समजून घ्यावयाचे तर आदिलाबादकडील निर्मल या गावापासून आरंभ करणे सोयीचे होईल.

पैनगंगा आणि गोदावरी या दोन नद्यांच्या मध्ये पसरलेला आदिलाबाद हा जुन्या हैदराबाद संस्थानातील जंगलांचा मुलूख. मराठी माणसाला तो परका नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा याच जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात आले आणि पुढे महाराष्ट्राचे झाले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. सरहद्दीची रेघ कागदावर ओढली गेली, पण माणसांची बोली रेघेवर थांबत नाही. आदिलाबादच्या कित्येक गावांत आजही तेलुगू आणि गोंडी यांच्या शेजारी मराठी नांदते आहे. २०१४ साली तेलंगण राज्य निर्माण झाले आणि २०१६ च्या ऑक्टोबरात जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. त्यांतील एकाला निर्मल हेच नाव मिळाले. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, हैदराबादच्या उत्तरेस सुमारे २०० किलोमीटरवर हे गाव लागते. ते प्रसिद्ध आहे ते लाकडी खेळण्यांसाठी आणि चित्रांसाठी.

निर्मल हे नाव निम्मा नायडू नावाच्या सतराव्या शतकातील स्थानिक अधिपतीवरून पडले, असे तेथील परंपरा सांगते. त्याने निरनिराळे कारागीर आणून या गावात वसविले आणि त्यातून येथील कला उभी राहिली, असेही सांगतात. हे काम करणाऱ्या कुटुंबांना नक्काश म्हणतात. ज्या मूळ शब्दापासून नक्काश हे नाव आले, त्याच कुळातील आपला ‘नक्षी’ हा शब्द आहे. तेव्हा निर्मलच्या कारागिराचे नाव मराठी घरात रांगोळीच्या निमित्ताने रोज उच्चारले जाते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या खेळण्यांचे लाकूड तेलुगूत पोनिकी या नावाने ओळखले जाते. ते वजनाला अतिशय हलके आणि कापायला मऊ असते. आंध्रातील कोंडपल्लीची सुप्रसिद्ध खेळणीही याच लाकडाची. लाकूड नीट वाळवून त्याचे तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकड्याला आकार द्यावयाचा आणि ते एकमेकांना जोडावयाचे, अशी ही रीत. जोडण्यासाठी बाजारातून काही आणावे लागत नाही. चिंचोके भिजवून, वाटून त्यांची खळ करतात. तीत लाकूड कापताना पडलेला भुसा मिसळला की लगदा तयार होतो. या लगद्याने सांधे जुळतात, खाचा बुजतात आणि पक्ष्याची चोच किंवा हरणाचा कान अशी नाजूक अंगेही घडविता येतात. त्यावर पांढऱ्या मातीचा लेप देऊन, तो वाळल्यावर घासून गुळगुळीत करतात आणि मग कुंचला हाती घेतात. आंबा, सीताफळ, वांगे, पोपट, मोर, हरीण अशा वस्तू इतक्या हुबेहूब उतरतात की, टोपलीत खऱ्या फळांशेजारी ठेवल्या तर क्षणभर फसगत व्हावी.

या कृतीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चिंच खाऊन झाल्यावर चिंचोका टाकून द्यावयाचा असतो, आणि लाकूड कापून झाल्यावर भुसा चुलीत घालावयाचा असतो. निर्मलच्या कारागिराने या दोन टाकाऊ वस्तूंचा संयोग करून आपल्या कलेचा सांधा बनविला. काटकसर हा या कलेला बाहेरून लावलेला गुण नाही. तो तिच्या हाडामासांत आहे.

चिंचोक्याच्या खळीचे हे ज्ञान निर्मलपुरते नव्हते. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला सावंतवाडीत चिताऱ्यांची घराणी गंजिफाचे गोल पत्ते तयार करीत, आणि त्या पत्त्यांना ताठपणा आणण्यासाठी चिंचोक्याचीच खळ वापरीत. दशावतारी गंजिफात एका अवताराची १२ याप्रमाणे एकूण १२० पाने असतात. तळहातात मावणाऱ्या पानावर मत्स्य, कूर्म, वराह रंगवावयाचे म्हणजे केसाएवढ्या रेषांचे काम. निर्मलचे नक्काशही एके काळी असेच गंजिफाचे पत्ते रंगवीत. एक गाव कोकणच्या तांबड्या मातीत, दुसरे गोदावरीच्या उत्तरेस सागाच्या रानांजवळ. तरी दोन्हीकडचे हात एकच विद्या जाणत होते, आणि दोन्हीकडे एका पत्त्याला लागणारा रंग थेंबांतच मोजावा लागे.

येथे मूळ प्रश्नाकडे वळू. इतका थोडा रंग ठेवावयाचा कशात? आपल्या देशातील जुने चित्रकार रंग घरीच सिद्ध करीत. तांबड्यासाठी हिंगूळ आणि गेरू, पिवळ्यासाठी हरताळ, निळ्यासाठी नीळ, काळ्यासाठी दिव्याची काजळी, पांढऱ्यासाठी शंखाचे चूर्ण. ही द्रव्ये पाण्यात खलून त्यांत बाभळीचा किंवा कवठाचा डिंक घातला की रंग तयार होई. डिंकाच्या रंगाचा एक मोठा गुण असा की, तो वाळला तरी मरत नाही. दुसऱ्या दिवशी त्यावर पाण्याचे चार थेंब टाकून बोटाने चोळले की तो पुन्हा जागा होतो. त्यामुळे त्याला घट्ट झाकणाच्या भांड्याची गरजच पडत नसे. ओडिशातील पटचित्रकारांनी त्यासाठी नारळाची करवंटी पसंत केली. मोगल दरबारातील लघुचित्रकार खारीच्या केसांच्या कुंचल्याने काम करीत आणि रंग शिंपल्यांत ठेवीत. शिंपल्याचा आतला भाग गुळगुळीत, पांढरा आणि पाणी न शोषणारा. त्यात रंगाची खरी छटा दिसते, आणि कुंचल्याचे टोक त्याच्या कडेवर टेकवून निमुळते करता येते. खवय्याने मांस खाऊन फेकलेला शिंपला चित्रकाराच्या हातात गेला की, त्याचे मोल असे वाढे.

हीच युक्ती युरोपातील ख्रिस्ती मठांतही आढळते. मध्ययुगात तेथील साधू बायबलच्या आणि प्रार्थनाग्रंथांच्या हस्तलिखित प्रती रंगीत अक्षरांनी व सोन्याच्या नक्षीने सजवीत. सोन्याचा वर्ख खलून, डिंकात कालवून केलेला रंग शिंपल्यात ठेवण्याचा प्रघात इतका दृढ झाला की, त्या रंगाला ‘शिंपल्याचे सोने’ असेच नाव पडले. इंग्रजीत आजही ते नाव चालते. सोने हा रंगांतील सर्वांत महाग रंग, आणि त्याचे भांडे मात्र समुद्रकाठी फुकट मिळणारे. मौल्यवान द्रव्य साध्या वस्तूत जपावे, ही समज देशोदेशींच्या कारागिरांना स्वतंत्रपणे आली असली पाहिजे.

तैलरंगाची गोष्ट याहून वेगळी. तेल वाळते ते पाण्यासारखे उडून नव्हे; हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते घट्ट होते, आणि एकदा घट्ट झाले की पुन्हा पातळ होत नाही. तेव्हा तैलरंगाला हवा लागू न देणारे भांडे हवे. युरोपातील चित्रकार त्यासाठी डुकराच्या मूत्राशयाची पिशवी वापरीत. तिला टाचणीने भोक पाडून रंग पिळून काढावयाचा आणि भोक खिळ्याने बुजवावयाचे. ही पिशवी पुष्कळदा फुटे, आणि बुजविलेल्या भोकातूनही हवा आत शिरे. १८४० च्या सुमारास लंडनच्या विल्यम विन्सर याने काचेच्या पिचकारीत रंग भरून पाहिला. १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने कथलाच्या पत्र्याची दाबता येणारी नळी काढली आणि तिचे पेटंट घेतले. आज दात घासण्याच्या पेस्टमुळे घरोघर ओळखीची झालेली नळी ती हीच. या नळीमुळे चित्रकाराला रंगांची पेटी उचलून शेतात, नदीकाठी जाऊन बसता येऊ लागले, आणि उघड्या आकाशाखाली चित्रे रंगविणाऱ्या फ्रेंच चित्रकारांचा पुढील काळ तिच्याविना कल्पिता येत नाही. भांडे बदलले तसे चित्रही बदलले, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नसेल.

आता पुन्हा निर्मलकडे येऊ. कारण विसाव्या शतकात जगाच्या या उलाढालीचे पडसाद तेथेही उमटले. सर अकबर हैदरी हे हैदराबाद संस्थानाचे मुख्य कारभारी होते. त्यांच्या पत्नी लेडी हैदरी यांनी निर्मलच्या कारागिरांना हैदराबादेत आणून आश्रय दिला, असे या कलेच्या इतिहासात नेहमी सांगितले जाते. अजिंठ्याची लेणी त्या काळी हैदराबाद संस्थानातच होती. तेथील भित्तिचित्रांतील आकृती आणि मोगल लघुचित्रांतील प्रसंग निर्मलच्या चित्रफलकांवर उतरू लागले. काळ्याभोर पार्श्वभूमीवर सोनेरी झळाळीच्या आकृती, ही निर्मल चित्राची खूण ठरली. ही झळाळी सोन्याच्या वर्खाची नव्हे. परंपरेत ती वनस्पतींच्या रसांपासून सिद्ध केलेल्या द्रव्याने आणीत. पुढे १९५५ साली कारागिरांची सहकारी संस्था निर्मल येथे स्थापन झाली आणि कामाला एक घर मिळाले.

परंतु याच काळात घरच्या रंगांची जागा डब्यातील रंगांनी घेतली. निर्मल चित्रांच्या संदर्भात ड्यूको हा शब्द वारंवार येतो. हा रंग मूळचा मोटारींसाठी जन्मला. अमेरिकेतील ड्यूपाँट या कंपनीने १९२३ साली तो बाजारात आणला. कापसावर नत्राम्लाची क्रिया करून मिळणाऱ्या द्रव्यापासून, म्हणजे बिनधुराच्या बंदुकीच्या दारूच्या जवळच्या नातलगापासून, तो बनत असे. मोटार रंगविण्यास पूर्वी आठवडे लागत, ते काम या रंगाने थोड्या दिवसांवर आणले. कारखान्याची घाई भागविण्यासाठी निर्माण झालेला हा रंग निर्मलच्या नक्काशाच्या हाती आला तेव्हा त्याने त्यातून अजिंठ्याचा पद्मपाणी आणि रामायणातील प्रसंग रंगविले. परकी वस्तू आपलीशी करण्याचे हे सामर्थ्य निःसंशय कौतुकास्पद आहे.

कौतुकाबरोबर त्याचा खर्चही सांगितला पाहिजे. डिंकाचा रंग वाळला तरी पाण्याने जागा होत असे. डब्यातील तैलमिश्रित चकचकीत रंगाचे झाकण उघडले की हवा आत जाते आणि दुसऱ्या दिवशी पृष्ठभागावर साय धरलेली दिसते. ही साय काढून टाकावी लागते, आणि प्रत्येक वेळी तेवढा रंग जातो. ड्यूकोसारख्या रंगातील पातळ करणारे द्रव उघड्या तोंडातून उडून जाते. मग थिनर घाला, पुन्हा घट्ट झाला की पुन्हा घाला. पोपटाच्या डोळ्याभोवतीचे तांबडे कडे काढावयास दोन थेंब लागतात, पण त्यासाठी संपूर्ण डब्याला हवा दाखवावी लागते. घर रंगविणाऱ्याला हे नुकसान जाणवत नाही, कारण त्याचा डबा एका दिवसात संपतो. ज्याचा डबा महिनोन्‌महिने पुरावयाचा, त्याच्या पदरी मात्र ते पडते. रंग स्वतः बनविणारा माणूस रंगाचा गिऱ्हाईक झाला. आणि गिऱ्हाईक झाल्यावर आपल्याला लागणाऱ्या मापाचे भांडे मिळेल की नाही, हे ठरविणे त्याच्या हाती राहिले नाही.

गंमत अशी की, हीच अडचण सातासमुद्रापलीकडच्या एका निराळ्याच मंडळींना भासत होती. आगगाड्या, विमाने, शिपाई यांच्या लहान प्रतिकृती रंगविण्याचा छंद युरोपात फार आहे. इंग्लंडमधील हल येथे १९१९ साली सुरू झालेल्या हम्ब्रोल या कंपनीने या छंदिष्टांसाठी १४ मिलिलिटरच्या इवल्याशा पत्र्याच्या डब्या काढल्या. डबी लहान झाली, पण झाकण उघडण्याचा दोष तसाच राहिला. कडेला रंग वाळून बसला की झाकण नीट बसेना आणि आतील रंग घट्ट होऊ लागे. पुढे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग आले. १९६५ साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथे सुरू होऊन १९६९ साली स्पेनमध्ये गेलेल्या व्हायेहो या कंपनीचे रंग १७ मिलिलिटरच्या ड्रॉपरच्या बाटलीत मिळू लागले. डोळ्यांत औषध घालण्याच्या बाटलीला जशी चोच असते, तशीच या बाटलीला. बाटली उलटी धरून दाबली की थेंब पडतो, दाब सोडला की थांबतो. हवा आत जाते ती बारीक भोकातून, आणि अगदी थोडी.

थेंबाचा दुसरा फायदा मापाचा. पाण्यासारख्या पातळ द्रवाचे सुमारे २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. दोन थेंब पिवळा आणि एक थेंब निळा मिळून आज जी हिरवी छटा झाली, तीच उद्याही त्याच हिशेबाने मिळते. पूर्वीचे चितारी हे माप नजरेने साधीत आणि त्यासाठी अर्धे आयुष्य घालवीत. नवशिक्याला ती नजर येईपर्यंत थेंबांचा हिशेब हाताशी असणे ही लहान सोय नव्हे.

आता ड्रॉपरची अशी बाटली आपल्याकडे नवी का आहे? डोळ्यांचे औषध एकदा उघडले की साधारणपणे चार आठवड्यांनी टाकून द्यावयाचे असते; त्यामुळे ५ किंवा १० मिलिलिटरच्या रिकाम्या बाटल्या घरोघर निघतात. त्या केरात जातात. आणि दुसऱ्या बाजूला त्याच घरातील मुले दिवाळीच्या सुट्टीत अंगणात किल्ला उभारतात, मातीचे मावळे पुन्हा रंगवितात. वसईत किंवा गोव्यात नाताळच्या आधी गोठ्यातील मेंढपाळ आणि उंट यांचा उडालेला रंग भरून काढतात. एका मावळ्याच्या पागोट्याला रंग तो किती लागणार? तरी त्यासाठी बाटली उघडते, कुंचला आत बुडतो, एका रंगात दुसरा मिसळतो आणि पुढच्या वर्षी बाटलीत निव्वळ खडा सापडतो. शिंपल्याची आणि करवंटीची परंपरा ज्या देशात होती, तेथे टाकाऊ कुपीचा हा उपयोग सुचावयास वेळ लागू नये.

अर्थात प्रत्येक भांडे प्रत्येक रंगाला चालत नाही, हा इतिहासाचाच धडा आहे. डोळ्यांच्या औषधाची मऊ प्लॅस्टिकची बाटली पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाला उत्तम. तिची चोच काढून, बाटली साबणाच्या पाण्याने अनेकदा धुऊन, पूर्ण वाळवून, रंग बारीक कापडातून गाळून भरावा. गुठळी आत गेली तर चोच तुंबते. रंग ढवळला जावा म्हणून आत न गंजणाऱ्या पोलादाची एखादी बारीक गोळी टाकतात. साध्या लोखंडाची टाकल्यास गंज रंगात उतरतो. तैलमिश्रित रंग आणि थिनरवर पातळ होणारा ड्यूकोसारखा रंग यांना मात्र घट्ट फिरकीच्या झाकणाची काचेची बाटलीच योग्य. थिनरने ड्रॉपरचे रबर फुगते आणि काही जातींचे प्लॅस्टिक विरघळते. डिंकाला शिंपला, तेलाला कथलाची नळी, ॲक्रिलिकला ड्रॉपर: रंगाने आपापले भांडे निवडलेले असते, माणसाने ते ओळखावयाचे असते.

याहून गंभीर अशी एक गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी गाफील राहून चालणार नाही. औषधाच्या बाटलीत रंग भरला तरी ती बाटली दिसावयास औषधाचीच राहते. घरात म्हातारी माणसे असतात, त्यांची दृष्टी अधू असते, आणि रात्रीच्या अंधारात हात सवयीने ओळखीच्या आकाराकडे जातो. डोळ्यांत औषधाऐवजी रंगाचा थेंब पडला, तर वाचविलेल्या चार पैशांची किंमत कोणी करावी? म्हणून मूळची चिठ्ठी पूर्ण खरवडून काढणे, बाटलीवर रंगाचे नाव ठळक लिहिणे, बूच त्याच रंगाने माखून ठेवणे आणि औषधाच्या फळीपासून ती बाटली दूर, मुलांच्या हाती न लागेल अशी ठेवणे, ही सर्व खबरदारी काटकसरीच्या आधी येते. आणि रंगाला दिलेली बाटली पुन्हा कधीही औषधाकडे परत जाऊ नये. ज्या घरात ही शिस्त पाळली जाणे अशक्य असेल, तेथे औषधाच्या बाटलीला हातच लावू नये. नव्या रिकाम्या ड्रॉपरच्या बाटल्या थोडक्या पैशांत विकत मिळतात.

रंगातील विषाचाही विचार याच जागी करणे प्राप्त आहे. चकचकीत पिवळा आणि तांबडा रंग देणाऱ्या द्रव्यांत पूर्वी शिशाचे क्षार सर्रास असत, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. जुने हिंगूळ व हरताळ हेही पारा आणि सोमल यांचे सोबती; तेव्हा प्राचीन ते सर्व निर्धोक असे समजण्याचे कारण नाही. भारत सरकारने २०१६ च्या नियमांनी घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दर दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले. खेळण्यांच्या सुरक्षिततेविषयी २०२० साली काढलेला आदेश १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. त्यातून नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या वस्तूंना आणि भौगोलिक निर्देशांक मिळालेल्या वस्तूंना सूट देण्यात आली. निर्मलच्या खेळण्यांना हा निर्देशांक मिळालेला आहे. सूट मिळाली याचा अर्थ कारागिरावरचा भरवसा वाढला, आणि भरवसा वाढला म्हणजे जबाबदारीही वाढली. जे खेळणे मूल तोंडात घालणार, त्याचा रंग कोणत्या डब्यातून आला आणि कोणत्या कुपीत ठेवला गेला, हे सांगता येणे हा त्या जबाबदारीचा भाग आहे. बाटलीवर नाव लिहिण्याची साधी सवय येथेही उपयोगी पडते.

निर्मलपुढील अडचणी एका कुपीने सुटणाऱ्या नाहीत, हे खरेच. पोनिकीचे झाड वाढावयास वर्षे लागतात, आणि त्याचे लाकूड मिळणे दिवसेंदिवस कठीण झाले आहे. साच्यातून निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्याशी हातच्या कामाने किमतीत झगडावयाचे, तेही सोपे नाही. असे असताना रंगाच्या थेंबाची चर्चा करीत बसणे कोणास पोरखेळ वाटेल. परंतु झाडाची लागवड आणि बाजारभाव या गोष्टी कारागिराच्या एकट्याच्या हाती नाहीत. रंगाचा डबा आणल्याबरोबर तो योग्य अशा लहान बाटल्यांत वाटून ठेवणे, रोज एकच बाटली उघडणे आणि बाकीचा रंग हवेपासून वाचविणे, ही गोष्ट मात्र त्याच्या हातची आहे. घरी रंग खलणाऱ्या त्याच्या पूर्वजांना जे माप आपोआप लाभले होते, ते या उपायाने त्याला काही अंशी परत मिळू शकते.

चिंचोका आणि भुसा यांतून ज्या गावाने हरणाचे कान घडविले, त्या गावाला टाकाऊतून टिकाऊ करण्याची विद्या कोणी शिकवावी असे नाही. उलट, ती विद्या तेथून आपणच घ्यावयाची आहे. यंदा दिवाळीत किल्ल्यावरील मावळे माळ्यावरून खाली उतरतील, तेव्हा मागील वर्षीचा भगवा रंग बाटलीत ओला सापडला आणि पागोट्याला लागून पुन्हा पुढील वर्षासाठी उरला, तर नक्काशाची ती जुनी विद्या त्या अंगणापर्यंत येऊन पोचली असे समजावयास हरकत नाही.